हिनं काय चोरलं?

प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला तेव्हा कीटकसंग्रह सक्तीचा असायचा. सोलापूरची सगळी कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. परीक्षक तिकडूनच यायचे आणि फुलपाखरांची पेटी पाहून खूश व्हायचे. पोरांना हे ठाऊक असल्यामुळे सगळे फुलपाखरांच्या मागे. १९८६च्या ऑक्टोबरात मात्र एका पोरानं आगपेटीतून वेगळाच ऐवज आणला. लांबट, करड्या अंगाची, काटेरी पायांची एक माशी. बोटाच्या पेरापेक्षा मोठी. तोंडावर केसांचा झुपका.

मी खुललो. वर्गाला जवळ बोलावलं आणि थोडं नाटक केलं. शिक्षकाला टाळ्या हव्याच असतात. म्हटलं, "पाहा नीट. ही रॉबर फ्लाय. दरोडेखोर माशी. दबा धरून बसते, उडत्या किड्यावर झडप घालते, विष टोचते, आतून शोषून टरफल टाकून देते. जन्मजात दरोडेखोर!"

पोरं हसली. आगपेटीवाला हसला नाही. त्यानं विचारलं, "सर, पण हिनं काय चोरलं?"

मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. तास संपल्यावर हजेरीपटात त्याचा पत्ता पाहिला: सेटलमेंट फ्री कॉलनी. सोलापूरबाहेरच्या वाचकाला यात काही वाटणार नाही. सोलापूरच्या माणसाला 'सेटलमेंट' हा शब्द पुरेसा आहे. त्याच्याबद्दल पुढे लिहितो, कारण ते घाईनं लिहायची गोष्ट नाही. आधी माशी.

ती त्याला नान्नजच्या माळावर सापडली होती. सोलापूरहून बार्शीच्या रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर नान्नज. माळढोकासाठी १९७९ साली जाहीर झालेलं अभयारण्य तिथलंच. लोक माळढोक पाहायला जातात, नशीब असेल तर काळवीट आणि लांडगा दिसतो, नाहीतर कुसळं पायात भरून परत येतात. मी त्या प्रसंगानंतर माशीसाठी जाऊ लागलो. अभयारण्याच्या आत किडा धरायला परवानगी लागते, म्हणून मी हद्दीबाहेरच्या पडीक रानात, बांधावर, तरवडाच्या झुडपांत फिरायचो. या माश्यांना सावली नको असते. ऊन, उघडी जमीन आणि बसायला एक टोक एवढंच त्यांना लागतं. सोलापुरात ऊन आणि उघडी जमीन या दोन गोष्टींचा तोटा कधीच नव्हता. पाऊस उघडला, गवत पिवळं पडायला लागलं की तासाभरात चार-पाच दिसतात. दगडावर, वाळक्या काटकीच्या टोकावर, कुंपणाच्या तारेवर.

एकदा गुडघ्यावर बसून एकीकडे टक लावून पाहत होतो तर मागून एका मेंढपाळानं हटकलं, "काय करालाव मास्तर?" मी माशी दाखवली. त्यानं एक नजर टाकली. "ह्यो डांस हाय की. जनावराला चावतो."

तो चुकला होता. ही माशी जनावराला चावत नाही, माणसालाही नाही. मुठीत दाबून धरली तर मात्र सोंड खुपसते, आणि ती वेदना मी दोनदा अनुभवली आहे. पण मेंढपाळाची ही चूक फार थोर माणसानं आधी केलेली आहे. लिनियसनं १७५८ साली 'सिस्टेमा नॅचुरे'च्या दहाव्या आवृत्तीत या माश्यांना नाव दिलं 'असिलस'. हा शब्द त्यानं जुन्या लॅटिनमधून उचलला. रोमन कवी व्हर्जिलच्या शेतीवरच्या काव्यात असिलस येतो तो गुरांना सैरावैरा पळायला लावणारा, म्हणजे आपला डांस. लिनियसनं गुरं छळणाऱ्याचं नाव अशा माशीला चिकटवलं जिचा गुरांशी काही संबंध नाही. अडीच शतकं झाली, नाव तेच आहे. कुळाचं शास्त्रीय नाव 'असिलिडी' त्यावरूनच पडलं. नान्नजचा मेंढपाळ आणि स्वीडनचा लिनियस यांचं एकमत झालेला हा एकमेव विषय असावा.

दुसरं नाव दरोडेखोराचं. इंग्रजीत रॉबर फ्लाय. जर्मनमध्ये 'राउबफ्लीगे'. जर्मनमधल्या 'राउब'ला लूट हाही अर्थ आहे आणि शिकार हाही. वाघसिंहांनाही ते 'राउबटिअर'च म्हणतात. इंग्रजीत आल्यावर लूट तेवढी उरली. मराठी पाठ्यपुस्तकांनी इंग्रजीचा हात धरला आणि दरोडेखोर माशी, लुटारू माशी असे शब्द पाडले. वाघ हरीण मारतो तेव्हा आपण त्याला हिंस्र म्हणतो, फार तर क्रूर म्हणतो, दरोडेखोर म्हणत नाही. बगळा मासा उचलतो, त्याला आपण वर ध्यानस्थ म्हणतो. मग या माशीनंच काय केलं? पोराचा प्रश्न साधा होता आणि बरोबर होता. ती कोणाचं साठवलेलं नेत नाही. मधमाशीच्या पोळ्यात शिरत नाही. उडती मधमाशी हवेत पकडते. चोरी म्हणायचीच झाली तर मध खाणाऱ्या आपल्याबद्दल बोलावं लागेल.

आता तिला ओळखायची कशी ते सांगतो, कारण नावाला फसण्यापेक्षा अंगाकडे बघावं हे मी या माशीकडून शिकलो.

माझ्याकडे तेव्हा चांगलं भिंग नव्हतं. प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद असायचा आणि किल्ली ज्यांच्याकडे, ते पाचला घरी. माझे वडील गिरणीत कापड तपासायला होते. त्यांच्याकडे पितळेचं घडीचं भिंग होतं. उघडून कापडावर ठेवायचं, खालच्या चौकटीत बरोबर इंचभर कापड दिसतं, आणि त्यातले ताण्याचे धागे किती, बाण्याचे किती ते मोजायचे. भोंगे बंद पडले, वडील घरी बसले, भिंग माझ्याकडे आलं. सोलापुरात अशी भिंगं अजून कित्येक घरांत, शिवणाच्या डब्यात वगैरे, पडलेली असतील. मी ते माशीच्या पंखावर ठेवलं. चौकटीत पंख जवळजवळ मावला.

पहिली गोष्ट पंखच. ते दोनच असतात. मधमाशी, गांधीलमाशी, कुंभारीण यांना चार. खऱ्या माशीच्या मागच्या पंखांच्या जागी टोकाला गोळी असलेल्या दोन बारीक दांड्या उरलेल्या असतात. पुस्तकात त्यांना संतोलक म्हणतात. उडताना तोल त्या सांभाळतात. काही दरोडेखोर माश्या (शब्द अजून सुटत नाही) हुबेहूब गांधीलमाशीसारख्या किंवा भुंग्यासारख्या दिसतात. दक्षिण भारतात हायपरेकिया नावाची एक आहे, ती लाकूड पोखरणाऱ्या काळ्या भुंग्याची इतकी नक्कल करते की जाणकारही हात मागे घेतो. तिथं पंख मोजणं हाच खरा उपाय.

मग डोकं. समोरून पाहिलं तर दोन मोठे संयुक्त डोळे, आणि त्यांच्यामध्ये माथा खोलगट दबलेला. घोड्याच्या खोगिरासारखा. त्या खळग्यात एक उंचवटा, त्यावर तीन साधे बारीक डोळे. घरमाशीत, डांसात, मधमाशीत असा खळगा सापडत नाही. एवढी एक खूण पाठ केली तरी कुळ ओळखण्यात सहसा चूक होत नाही. डोळ्यांच्या खाली तोंडावर राठ केसांचा झुपका. शास्त्रज्ञ त्याला 'मिस्टॅक्स' म्हणतात आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थ सरळ मिशी असा आहे. पोरांना हे फार आवडायचं. पकडलेली मधमाशी पाय झाडते, नांगी मारते, तेव्हा ही मिशी चेहरा वाचवते असं मानतात. मिशीखाली सोंड. घरमाशीची सोंड मऊ, चाटणारी. हिची टणक, पुढे रोखलेली, आत एक सुईसारखा भाग. तो शिकारीच्या अंगात कुठं घुसवायचा हे माशी नेमकं जाणते. पाठीच्या कवचावर वेळ घालवत नाही. मान, डोळा, सांधा, जिथं कातडी पातळ तिथंच. लाळेतल्या विषानं शिकार क्षणात लुळी पडते, त्याच लाळेतल्या पाचकद्रव्यांनी आतलं मांस पातळ होतं, मग शोषायचं. मी तारेवरच्या एका माशीला नाकतोड्याचं पिलू संपवताना घड्याळ लावून पाहत बसलो होतो. वीस मिनिटं झाली, माझे पाय बधिर झाले, तिचं चाललंच होतं.

पाय तर पाहण्यासारखे. सहाही पायांवर काटे. उडत्या किड्याला ती या पायांच्या पिंजऱ्यात धरते आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसते. ही 'आपली जागा' महत्त्वाची. तुम्ही हुसकावली तरी गोल फेरी मारून ती बहुतेक वेळा त्याच टोकावर परत येते. फोटो काढणाऱ्यांसाठी याहून चांगली सवय नाही.

डोक्यावरच्या शिंगांचं वेगळं सांगायला हवं. त्यांना तीन ठळक पेरं आणि टोकाला काट्यासारखा किंवा केसासारखा शेवट. हा शेवट पिसासारखा फाटे फुटलेला असेल तर माशी बहुधा ओमॅटियस. साधा असेल तर पुढे जायचं. लाफ्रिया आणि तिच्या भाऊबंदांत हा केस जवळपास नसतोच, शेवटचं पेरच जाड होतं.

आणि शेवटी पुन्हा पंख, पण आता शिरा. पंखावरच्या शिरांनी खोल्या पाडलेल्या असतात. वडिलांच्या भिंगाखाली मी त्या धाग्यांसारख्या मोजल्या. पुढच्या काठाजवळची लांब खोली काठापर्यंत उघडी राहते की त्याआधीच मिटते, हा पहिला प्रश्न. त्या पोराच्या माशीत ती मिटली होती. मग टोकाकडे पाहायचं. तिथं एक शीर दुभंगून तिचे दोन फाटे होतात. बहुतेक माश्यांत तेवढ्या भागात दोन खोल्या असतात. पण वरच्या फाट्याला शेजारच्या शिरेशी जोडणारी एक आखूड आडवी शीर असली की तिसरी खोली तयार होते. एवढीशी शीर, तीळभरसुद्धा नाही. ती होती. तीन खोल्या. मिटलेली पुढची खोली, शिंगाचा साधा शेवट आणि या तीन खोल्या: माशी 'प्रोमॅकस' प्रजातीची.

हे नाव हर्मान लोव या जर्मन अभ्यासकानं १८४८ साली दिलं. ग्रीकमध्ये प्रोमॅकस म्हणजे आघाडीवर उभा राहून लढणारा. अथेना देवीचं ते एक बिरुद होतं. म्हणजे कुळाला नाव डांसाचं, बोली नाव दरोडेखोराचं, आणि आतल्या घराला नाव वीराचं. एकाच माशीवर तीन माणसांनी तीन शिक्के मारले आणि माशी तारेवर बसून आहे.

या कुळाला कुळ म्हणून वेगळं काढणारा माणूस होता पिएर आंद्रे लात्रेय, १८०२ साली. त्याची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगायचो. तो धर्मगुरू होता. फ्रेंच राज्यक्रांतीत निष्ठेची शपथ घेतली नाही म्हणून बोर्दोच्या तुरुंगात पडला. तिथं कोठडीत त्याला एक लहान भुंगेरा दिसला, आणि त्यानं तो ओळखला: दुर्मीळ जातीचा, 'नेक्रोबिया रुफिकॉलिस'. कैद्यांना तपासायला येणाऱ्या डॉक्टरच्या हातून तो भुंगेरा बाहेर कीटक जमवणाऱ्या एका तरुणाकडे गेला, तो तरुण हा कैदी कोण आहे ते समजला, खटपटी झाल्या आणि लात्रेय सुटला. त्याच्या सोबतचे बहुतेक कैदी जगले नाहीत. कीटक ओळखता येण्यामुळे जीव वाचल्याचं मला माहीत असलेलं हे एकच उदाहरण. परीक्षकांना हे सांगून मार्क वाढत नाहीत, पण पोरं जागी राहतात.

प्रोमॅकसपर्यंत आलो. पुढे जात कोणती? इथं माझी गाडी रुतली, आणि ती का रुतली हे शोधताना एक वेगळाच इतिहास हाती आला.

इंग्रजांनी 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' नावाची ग्रंथमाला काढली होती. माश्यांचे खंड एन्रिको ब्रुनेत्तीनं लिहिले. हा माणूस पोटापाण्यासाठी वादक होता, कलकत्त्यात राहिला आणि फावल्या वेळात माश्यांच्या शिरा मोजत बसला. त्याच्याबद्दल मला आत्मीयता आहे. त्याचे खंड १९१२, १९२० आणि १९२३ साली आले. १९२०च्या खंडात दरोडेखोर माशीची शेजारची, सख्खी, चुलत अशी कितीतरी कुळं आहेत. ही नाही. पुढचे खंड कोणाचे? १९३३ आणि १९३४ साली डासांचे. १९४० साली निळ्या-हिरव्या मांसमाश्यांच्या कुळाचा. हिशेब उघड आहे. डास हिवताप देतो, सैनिक आजारी पडतो, रेल्वेचं काम थांबतं. मांसमाशी जखमेत अळ्या घालते. आमची माशी कुणाला रोग देत नाही, पीक खात नाही, गुरं मारत नाही. तिच्या अळ्या जमिनीत राहतात आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या खातात. उसाच्या मुळाशी हुमणी लागलेल्या शेतकऱ्याला हे सांगितलं तर तो हिला चहा पाजेल. पण सरकारला उपद्रव दिला नाही त्यामुळे तिचा खंड निघाला नाही. सरकारच्या दफ्तरात जागा मिळवायची तर आधी गुन्हा करावा लागतो.

गर्ट्रूड रिकार्डो नावाच्या बाईंनी मात्र १९२०-२२च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या आणि पूर्वेकडच्या देशांतल्या या माश्यांवर लंडनच्या एका नियतकालिकात क्रमानं टिपणं लिहिली. बाईंनी हे सगळं टाचणीला टोचलेल्या वाळक्या नमुन्यांवरून लिहिलं. त्या टिपणांच्या झेरॉक्स एका मित्रानं मुंबईहून मला पाठवल्या. अंधूक, कडेचे शब्द कापलेले. त्या घेऊन मी रात्री भिंग लावून बसायचो. बायको म्हणायची, तुमचे वडील निदान पगारासाठी डोळे फोडायचे.

१९९८ साली भारतीय प्राणी सर्वेक्षणानं जोसेफ आणि परुई यांचा असिलिडी कुळावरचा खंड काढला. मला कळलं त्या आठवड्यात मी पुण्याची एसटी पकडली आणि ग्रंथालयात उभ्या उभ्याच अनुक्रमणिका उघडली. त्यात सडपातळ लेप्टोगॅस्टर होत्या, लाफ्रिया होत्या, ओमॅटियस होत्या. मुखपृष्ठावर लिहिलं होतं, भाग पहिला. प्रोमॅकसचा गट त्यात नव्हता. मी तसाच परतलो. इंदापूरच्या स्टँडवर चहा पिताना हसू आलं, की ब्रुनेत्ती दारापाशी थांबला आणि हे लोक दिवाणखान्यात येऊन थांबले. माझी माशी माजघरात.

तर मग जात ओळखायला नराच्या पोटाचं शेवटचं टोक तपासावं लागतं. तिथं मादीला धरायचे चिमटे असतात आणि जातीजातीत त्यांची घडण निराळी. पोराची माशी निघाली मादी. म्हणून तिच्या चिठ्ठीवर आजही 'प्रोमॅकस' एवढंच आहे, पुढची जागा मोकळी. मी तीस वर्षांत नर पकडले, पण ते तिच्याच जातीचे आहेत हे सांगायला माझ्याकडे आधार नाही, आणि अंदाजानं नाव लिहायचं नाही हा या धंद्याचा पहिला नियम.

हा नियम मोडला की काय होतं ते सोलापुरानं पाहिलंय.

१८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. कैकाडी, पारधी, कंजारभाट, टकारी, मांग-गारुडी अशा भटक्या लोकांच्या अख्ख्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेल्या. कुणी काय चोरलं हा प्रश्नच नव्हता. नोंदलेल्या जमातीत जन्मलं एवढं पुरे. बोटांचे ठसे, रजिस्टर, हजेरी, गावाबाहेर जायला पास. सोलापुरात गिरण्या होत्या, गिरण्यांना हात हवे होते, आणि शहराच्या कडेला तारेच्या कुंपणात वसाहत उभी राहिली. सेटलमेंट. आतले लोक गिरणीत कामाला जायचे आणि हजेरीला परत यायचे. माझे वडील त्यांच्यातल्या काहींच्या शेजारच्या मागांवरचं कापड तपासायचे. "धागा चुकायचा नाही त्यांचा," एवढंच ते म्हणायचे. त्यापुढे कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

देशभरातून हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला गेला. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाल्यावर. नेहरू १९६० साली सोलापुरात आले तेव्हा ती तार त्यांच्या हातून तोडली, असं तिथले म्हातारे सांगायचे. वसाहतीच्या नावात 'फ्री' आलं. पण पत्ता सांगितला की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते कुठल्या कायद्यानं जात नाही. लक्ष्मण मानेंचं 'उपरा' १९८० साली आलं होतं, लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' पुढं १९८७ साली आलं. 'उपरा' मी वाचलं होतं, चांगलं म्हटलं होतं, कपाटात ठेवलं होतं. आणि त्यानंतर वर्गात उभा राहून, टाळ्यांसाठी, 'जन्मजात दरोडेखोर' म्हणालो होतो.

माणसाची तुलना किड्याशी करायची नाही मला. ती तुलना त्या कायद्यानं केली होती: अंगलट, सवयी, वस्तीच्या जागा, खुणा, नोंद. गॅझेटियर उघडून पाहा. सोलापूर जिल्ह्याचं १८८४ साली निघालं. त्यात लोकांची वर्णनं जातवार आहेत, दिसतात कसे, राहतात कसे, स्वभाव कसा, एकेका परिच्छेदात उरकलेलं. मी तीस वर्षं असेच परिच्छेद माश्यांवर लिहीत आलो. फरक एवढा की माशीच्या परिच्छेदात मला स्वभाव लिहायची परवानगी नाही. शिरा मोजा, केस मोजा, थांबा.

त्या पोराची माफी मी त्या दिवशी मागितली नाही. पुढच्या तासाला त्याला नुसतं म्हटलं, तुझ्या माशीची चिठ्ठी तूच लिही. नमुना कसा ठेवायचा ते दाखवलं. टाचणी छातीच्या बरोबर मध्ये टोचायची नाही, थोडी उजवीकडे, म्हणजे निदान एक बाजू शाबूत राहते. खाली चिठ्ठी: गाव, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. आमच्याकडे पेटीत घालायला कॉर्क नव्हता. बिस्किटाच्या डब्यात ज्वारीच्या ताटाचं भेंड कापून बसवलं होतं. लहानपणी ज्याच्या गाड्या करायचो तेच. टाचणी त्यात छान बसते. डांबरगोळी टाकली. त्यानं चिठ्ठीवर लिहिलं, नान्नज, १२ ऑक्टोबर १९८६, आणि स्वतःचं पूर्ण नाव, आडनावासकट, सुबक अक्षरात. मराठी नाव लिहायच्या जागेत काही लिहिलं नाही. मी विचारलं. म्हणाला, "मिशीवाली माशी लिहू का सर?"

मी नंतर वर्गात तेच म्हणू लागलो. परीक्षकांना रॉबर फ्लाय, आपसात मिशीवाली. एका वर्षी परीक्षेला आलेल्या पाहुण्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. प्रमाण शब्द वापरा म्हणाले. मी हो म्हटलं.

त्या डब्यावर पुढे मुंग्या चढल्या. सुट्टीत डांबरगोळी संपली होती आणि माझं लक्ष नव्हतं. माशीचं पोट गेलं, दोन पाय गेले. डावा पंख आणि डोकं राहिलं. तीन खोल्या अजून मोजता येतात.

पोरगा आता पन्नाशीच्या पुढे आहे. बार्शीत नोकरी आहे, नान्नजवरून रोज जातो-येतो. प्राणिशास्त्राशी त्याचा काही संबंध उरलेला नाही. पण पाऊस उघडला की वर्षातून एकदोनदा त्याचा फोन येतो. मागच्या ऑक्टोबरात आला तेव्हा मी दाढी करत होतो.

"सर, तारेवर बसलीय. मिशी आहे. माथ्यावर खळगा आहे."

"खोल्या?"

"पंख मिटून बसलीय. मोजता येईनात. जवळ गेलो तर उडाली बघा."

"हलू नको. तिथंच थांब. परत येईल."

"ड्युटीला उशीर होतोय, सर."

"दोन मिनिटं थांब की."

पलीकडून वारा आणि ट्रकचे आवाज येत राहिले. मग तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "आली. त्याच खिळ्यावर."